कूलंट बदलणे हे आता केवळ पाण्याचे काम राहिलेले नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात मोटारीची घ्यावयाची काळजी या विषयावर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, घरच्या घरी कसे बदलावे, गळका होज पाईप कसा ओळखावा, तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट अडकला आहे हे कशावरून समजावे, याची त्यातील माहिती नेमकी आहे. इंजिन थंड झाल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा इशारा ठळक अक्षरांत छापल्याबद्दल तर आभारच मानले पाहिजेत. चालू गाडीत त्या झाकणाखाली साधारण एक बार दाब असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील कुकरमध्ये असतो जवळजवळ तेवढाच. वाफ जिरल्याशिवाय कुकरचे झाकण घरात कोणी काढत नाही. पण रस्त्याच्या कडेला फडके धरून तापलेल्या रेडिएटरचे झाकण फिरवणारे महाभाग मला दर एप्रिलमध्ये दिसतात.

मात्र त्या संपूर्ण लेखात वायरिंग, सेन्सर, बॅटरी किंवा चालू गाडीत ती चार्ज करणारा अल्टरनेटर यांविषयी एकही वाक्य नाही, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. निवृत्तीनंतरही सोसायटीतील आणि नात्यातील मंडळी ‘जरा येऊन बघता का’ म्हणून बोलावतात. गेल्या काही वर्षांत अशी जी बोलावणी आली, त्यांत कूलंट बदलताना इंजिन बिघडल्याची उदाहरणे थोडी आणि कूलंट बदलताना वायरिंग बिघडल्याची बरीच होती. मोबाईलवर चित्रफीत पाहून रविवारी सकाळी स्वतः गाडी उघडणाऱ्यांना मी कधीही परावृत्त करत नाही, कारण स्वतःच्या गाडीची ओळख त्याशिवाय होत नाही. परंतु आजच्या गाडीत पाण्याचे काम करणारा माणूस त्याच वेळी विजेचेही काम करत असतो, हे त्याला आधी कोणीतरी सांगायला हवे.

पूर्वी असे सांगण्याची गरज नव्हती. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी घाटात तापली की बॉनेट उघडायचे, ती निवेपर्यंत थांबायचे आणि डिकीतल्या कॅनमधले पाणी ओतायचे, एवढाच तो विधी असे. पंखा पट्ट्यावर फिरत असे, त्याला वायर नव्हती. पाणी इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर उडालेच तर झाकण काढून फडक्याने पुसले की गाडी सुरू होई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासून विजेचा पंखा सामान्य घरांपर्यंत पोहोचला. पुढे कार्ब्युरेटर गेला, इंधनाचे इंजेक्शन आले आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर तर बॉनेटखाली सेन्सर नाही असा कोपरा उरला नाही. ज्या होज पाईपची क्लिप आपण पक्कडीने सरकवतो, त्याच्यापासून वीतभर अंतरावर आता एखादा कपलर, म्हणजे वायरींची टोके जोडणारा प्लास्टिकचा जोड, असतोच. आणि अनेक गाड्यांत इंजिनाचा सारा कारभार पाहणारा संगणक, ज्याला आपण ईसीएम म्हणतो, तोही बॅटरीच्या शेजारीच बसवलेला असतो.

कूलंट सांडले तर इतके काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. साध्या पाण्याशी तुलना केली तर फरक कळतो. पाणी सांडले की उष्णतेने काही वेळात वाळून जाते. कूलंटमध्ये पाण्याबरोबर इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक क्षार असतात. पाणी उडून जाते, पण ग्लायकॉल सहज उडत नाही. त्याचा चिकट थर मागे राहतो आणि तो हवेतील ओलावा स्वतःकडे ओढत राहतो. त्यामुळे वरून कोरडा दिसणारा कपलर आतून दमटच राहतो, आणि ज्या दोन पिनांमध्ये हवेखेरीज काही असता कामा नये तिथे विजेला जाण्यापुरती एक बारीक पायवाट तयार होते. पुढे पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तो तांब्याचा गंज होय.

यातून होणारा बिघाड फसवा असतो. इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे तापमान वाढेल तसा विजेला होणारा विरोध कमी होणारा एक साधा रोधक असतो. बहुतेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला त्याचा विरोध दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांच्या आसपास तो तीनशेच्या घरात येतो. ईसीएम त्याच्याकडे पाच व्होल्टची वायर पाठवते आणि परत येणाऱ्या विद्युतदाबावरून तापमान ओळखते. आता दोन पिनांमध्ये कूलंटचा ओलसर थर बसला, की सेन्सरला समांतर असा दुसरा मार्ग तयार होतो आणि एकूण विरोध घटतो. थंड इंजिन प्रत्यक्षापेक्षा गरम आहे असे ईसीएम समजते आणि सकाळी गाडी सुरू व्हायला कटकट करते. उलट पिनांवर गंज चढला तर विरोध वाढतो. मग इंजिन प्रत्यक्षापेक्षा थंड आहे असे समजून ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहते, आणि मालक पंपावरच्या पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचा संशय घेऊन पंप बदलतो. कूलंट बदलून दोन महिने झालेले असतात, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याहून वाईट गोष्ट अशी की, कूलंट वायरीच्या आतून प्रवास करते. वायर म्हणजे बारीक तारांचा पिळा असतो. समईच्या वातीत तेल जसे आपोआप वर चढते, तसेच एखाद्या सेन्सरचे सील आतून फुटले की द्रव त्या तारांमधील फटींतून सरकत सरकत पुढच्या कपलरपर्यंत, आणि क्वचित थेट ईसीएमपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून तापमानाचा सेन्सर काढला की त्याच्या कपलरच्या आत एकदा विजेरी मारून पाहावी. बाहेरून काही सांडलेले नसतानाही आत ओल आणि रंग दिसला, तर नुसते पुसून भागत नाही. तो सेन्सर बदलावा आणि त्या वायरीचे दुसरे टोकही तपासावे.

मी वर्गात मुलांना या संदर्भात एक हकीकत सांगत असे. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेच्या अपोलो-१ यानाला जमिनीवरील चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेनंतर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या उघड्या तारेतून वीज वाहत असताना तिच्यावर ग्लायकॉलमिश्रित पाणी पडले, तर तिथे ठिणगी आणि ज्वाळा निर्माण होऊ शकते. आपल्या गाडीच्या वायरी साध्या तांब्याच्या असतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र कूलंट म्हणजे रंगीत पाणी, ही समजूत तेवढ्याने जावी.

दुसऱ्यांना शिकवणारा माणूस स्वतः चुकत नाही असे मुळीच नाही. २०१८ च्या मे महिन्यात मी माझ्या स्वतःच्या गाडीचा थर्मोस्टॅट घराच्या अंगणात बदलला. वरचा होज पाईप सोडवताना अंदाजे लिटरभर कूलंट खाली गेले, आणि त्या गाडीत नेमका त्याच्याखाली अल्टरनेटर आहे. मी फडक्याने वरवर पुसले, गाडी सुरू केली, सर्व ठीक चालले, आणि मी ती गोष्ट विसरलो. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर बॅटरीचा लाल दिवा लागला, थोड्याच वेळात स्टिअरिंग जड झाले आणि मागे ट्रकांची रांग असताना गाडी कशीबशी कडेला घ्यावी लागली. अल्टरनेटर उघडल्यावर कार्बन ब्रशच्या जागी गुळाच्या काकवीसारखा चिकट थर आणि त्यात अडकलेली धूळ दिसली. व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग जळालेला होता. तीस वर्षे इतरांना ‘आधी झाका, मग उघडा’ असे बजावणाऱ्या माणसाने एक प्लास्टिकची पिशवी वापरण्याचा कंटाळा केला, त्याची ती किंमत होती. घरच्यांनी त्यावर जे भाष्य केले ते इथे देत नाही.

आता कामाच्या क्रमाविषयी लिहितो. प्रथम गाडी बंद करून किल्ली बाजूला ठेवावी आणि किमान दहा-पंधरा मिनिटे काहीही सोडू नये. किल्ली काढली तरी ईसीएम लगेच झोपी जात नाही आणि अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक सुरू होतो, तेव्हा ही वेळ पाळणे बोटांसाठीही आवश्यक आहे. गाडीत शिरण्यासाठी किल्लीचे बटण लागत असेल तर बॅटरी सोडवण्यापूर्वी एक काच खाली ठेवावी आणि किल्ली खिशात ठेवावी, डिकीत नव्हे. त्यानंतर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची ऋण, म्हणजे काळी वायर आधी सोडवावी. जोडताना मात्र ती सर्वांत शेवटी जोडावी. यामागचे कारण माहीत असले की क्रम विसरत नाही. गाडीची सारी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. काळी वायर जोडलेली असताना धन टोकावरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअर प्रवाह त्या पान्यातून जातो, पाना लाल होतो आणि बॅटरीही फुटू शकते. काळी वायर आधीच सुटलेली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. काही नव्या गाड्यांत त्या ऋण टोकावरच बॅटरीची स्थिती मोजणारा एक लहान सेन्सर बसवलेला असतो. तो पकडून हिसके देऊ नयेत, फक्त नट सैल करून पूर्ण टोक वर उचलावे.

बॅटरी सोडवल्यामुळे घड्याळ मागे जाते, काचेचे ‘एका दाबात वर’ जाणे बंद पडते आणि पहिल्या दिवशी इंजिनाचा मंद वेग थोडा अस्थिर राहतो. या सर्वांवरचा उपाय गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या खणात मूळ प्लास्टिकच्या आवरणासह तशीच पडून असते.

झाकण्याचे काम यानंतर करावे. होज पाईप ज्या जागी सुटणार आहे, त्याच्या थेट खाली काय आहे हे आधी वाकून पाहावे. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, ईसीएम, इग्निशन कॉइल आणि उघडे राहणारे प्रत्येक कपलर दुधाच्या जाड पिशवीने किंवा तशाच प्लास्टिकने झाकून रबर बँडने बांधावेत. पिशवीवर एक जुना पंचा टाकला तर सांडलेले द्रव ओघळून बाजूला न जाता तिथेच शोषले जाते. वाट काढण्यासाठी एअर फिल्टरची पेटी काढावी लागली, तर तिच्यावरील हवा मोजणारा सेन्सर स्वच्छ कागदात गुंडाळून दूर ठेवावा आणि इंजिनाच्या उघड्या तोंडावर न सुटणाऱ्या धाग्यांचे स्वच्छ कापड घट्ट बांधावे. शक्य असेल तिथे रेडिएटरचा खालचा निचरा उघडून कूलंट आधी घमेल्यात उतरवून घ्यावे, म्हणजे वरचा पाईप सोडवताना फारसे काही सांडतच नाही. काम संपल्यावर किती पिशव्या बांधल्या होत्या हे मोजून तितक्याच काढाव्यात. एका शेजाऱ्यांनी एक पिशवी आत विसरून गाडी पुण्याला नेली, आणि एक्झॉस्टवर वितळलेले ते प्लास्टिक खरवडण्यात आम्हा दोघांचा अख्खा रविवार गेला.

कपलर सोडवताना वायर कधीही ओढू नये. प्रत्येक कपलरला एक खुंटी असते, आणि पुष्कळदा त्या खुंटीवर लाल किंवा पिवळ्या रंगाचे दुसरे लहान कुलूप असते. ते आधी सरकवावे, मग खुंटी दाबून कपलरचे अंग धरून तो काढावा. दहा वर्षे इंजिनाशेजारी भाजलेले प्लास्टिक बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते, म्हणून जोर लावण्याऐवजी तो हलकेच पुढे-मागे करावा. आत रबराची एक कडी असते. ती कपलरसोबतच राहिली आहे ना, हे पाहिल्याशिवाय तो परत बसवू नये. ती कडी हरवली तर पुढचा पावसाळा त्या पिनांना सोसवणार नाही.

इतके करूनही कूलंट सांडलेच, तर काय करावे? येथे मी जे सुचवणार आहे ते प्रथमदर्शनी उलटे वाटेल. बॅटरी सुटलेली आहे याची खात्री करून, कूलंट पडलेला भाग थोड्या शुद्ध केलेल्या पाण्याने, म्हणजे बॅटरीत घालतो त्या पाण्याने, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावा. ग्लायकॉल पाण्यात पूर्ण विरघळते, तेव्हा त्याला काढण्यासाठी पाण्याइतके सोयीचे काही नाही. नुसत्या कोरड्या फडक्याने ते पसरते, जात नाही. त्यानंतर हवेच्या हलक्या झोताने वाळवावे, कपलरच्या पिनांवर विजेच्या जोडांसाठी मिळणारा क्लीनर फवारावा आणि तो उडून जाईपर्यंत थांबावे. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. त्याने आग लागू शकते, शिवाय प्लास्टिक आणि रबरही खराब होते. बॉनेट उघडून प्रेशर वॉशर मारणे हा तर या सगळ्याचा अगदी उलटा प्रकार आहे, कारण ज्या सीलमधून पावसाचे पाणी शिरत नाही त्यातून तो झोत सहज आत जातो.

आता ज्या सवयींबद्दल मला खरोखर राग येतो त्यांच्याकडे वळतो, कारण घरी काम करणारी मंडळी त्या गॅरेजमध्ये पाहूनच उचलतात.

पहिली सवय ‘पंखा डायरेक्ट करून देणे’ ही आहे. गाडी तापते, पंखा लागत नाही, मग रिले (पंख्याचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि सेन्सर यांतील दोष शोधण्याऐवजी बॅटरीपासून एक वायर थेट पंख्याला जोडली जाते आणि डॅशबोर्डखाली एक घरगुती बटण बसवले जाते. हा पंखा चालताना पंधरा-वीस अँपिअर प्रवाह घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट घेतो. घरातल्या दिव्याचे बटण आणि त्याला जोडलेली बारीक वायर यासाठी केलेली नसते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायर वितळून थांबण्याशिवाय तिला दुसरा मार्ग राहत नाही. अशा जोडणीनंतर आग लागली, तर वॉरंटीचा आणि विम्याचा दावा करताना अडचण येते, ती वेगळीच. मुळात पंखा न लागण्याचे कारण बहुतेक वेळा स्वस्त असते: उडालेला फ्यूज, जळालेला रिले, किंवा कूलंट भरल्यावर आत राहिलेला हवेचा बुडबुडा. सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असेल तर इंजिन उकळत असतानाही तो ईसीएमला कमी तापमान सांगतो. म्हणून कूलंट भरताना पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा पूर्ण काढणे हे इंजिनासाठी जितके, तितकेच पंख्यासाठीही आवश्यक आहे.

दुसरी सवय टेस्ट लॅम्पची. बारा व्होल्टचा बल्ब लावलेली ती सुई दिव्यांच्या आणि हॉर्नच्या वायरींसाठी ठीक होती. सेन्सरच्या पाच व्होल्टच्या वायरीवर ती लावली तर बल्बमधून ईसीएमच्या नाजूक भागांना झेपणार नाही इतका प्रवाह वाहतो. शिवाय वायरीचे आवरण टोचून केलेले ते भोक कोणी बुजवत नाही. कोकणासारख्या खाऱ्या हवेत त्या भोकातून ओलावा शिरतो आणि सहा महिन्यांत आतली तार हिरवी होऊन तुटते. साधा डिजिटल मल्टिमीटर आज कोणत्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो आणि तो सेन्सरच्या वायरीतून नगण्य प्रवाह घेतो. सेन्सर तपासायचा तर कपलर काढून, किल्ली बंद ठेवून, सेन्सरच्या दोन पिनांमधील विरोध मोजावा. किल्ली चालू असताना सेन्सर काढला तर ईसीएमला इंजिन उणे ४० अंशांवर गेल्यासारखे दिसते. मग ती दोषाची नोंद करते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावते आणि खबरदारी म्हणून कित्येक गाड्यांत पंखा पूर्ण वेगाने सुरू करते. त्या वेळी आपला हात कुठे आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. थर्मोस्टॅट काढला की इंजिन आपल्या ठरलेल्या तापमानापर्यंत वेळेत पोहोचत नाही, ईसीएम ते थंड समजून जादा इंधन देत राहते आणि शेवटी पी०१२८ या क्रमांकाचा दोष नोंदवते. मग तो दिवा विझवण्यासाठी मालक निष्कारण सेन्सर बदलतो. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय तर अनेक पिढ्यांचा आहे. जुन्या जीपच्या रुंद नळ्यांमध्ये ती चालून जाई. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की हळद गळतीच्या आधी त्यांनाच बंद करते, आणि सेन्सरच्या टोकावर तिचा थर बसून तो उशिरा प्रतिसाद देऊ लागतो. हळद दुधात घालावी.

आणखी एक जुनी रीत मात्र तातडीने थांबायला हवी. काम झाल्यावर अल्टरनेटर चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून पाहिली जाते. गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला. अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनॅमोच्या काळात ते खपून गेले. आजच्या गाडीत बॅटरी ही त्या वीजप्रवाहाची उशी असते. चार्जिंग चालू असताना ती अचानक काढली, तर क्षणार्धात व्होल्टेज वर उसळते आणि संरक्षण नसलेल्या जोडणीत ते ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. त्या एका क्षणात ईसीएम, म्युझिक सिस्टीम आणि डॅशबोर्ड यांपैकी काहीही जाऊ शकते. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून चालू इंजिनात साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की तपासणी झाली. काही नव्या गाड्यांत ईसीएम स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करते, तिथे क्षणभर आकडा याहून कमी दिसला तरी गडबडून जाऊ नये.

अर्थिंगविषयी, म्हणजे वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याच्या वाटेविषयी, थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याला बॉडीशी आणि बॅटरीशी जोडणारी एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते. वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटचे घर काढताना ती पट्टी धरणारा बोल्ट पुष्कळदा सोडवावा लागतो, आणि काम संपल्यावर एक बोल्ट उरला म्हणून डब्यात टाकला जातो. मग स्टार्टरला लागणारा शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. सेन्सरांच्या बारीक अर्थ वायरी किंवा एखादी धातूची केबल त्यात भाजून निघते. सैल अर्थिंगमुळे थोडा प्रवाह कूलंटमधूनच वाहू लागला, तर ॲल्युमिनियमचा रेडिएटर आतून कुरतडला जातो आणि दरवर्षी रेडिएटर बदलूनही गळती का थांबत नाही, हे कोडे सुटत नाही. ही पट्टी बसवताना खालचा रंग आणि गंज सँडपेपरने घासून धातू उघडा करावा आणि बोल्ट घट्ट आवळावा. बोअरवेलच्या पाण्याने रेडिएटर भरणाऱ्यांना क्षारांचा थर आणि वाढलेली विद्युतवाहकता, अशी दोन्ही संकटे एकदमच मिळतात. म्हणून कूलंटमध्ये मिसळायचे पाणी शुद्ध केलेलेच असावे.

गाडीच्या आतही एक जागा पाहण्यासारखी असते. डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, तरी बऱ्याच गाड्यांत कूलंट त्यातून सतत फिरत असते. तो गळू लागला की पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला होतो, आणि त्याखालून वायरिंगचा मोठा जुडगा जातो. एसीची निचरा-नळी तुंबल्यानेही तिथे पाणी येते. पाणी रंगहीन, बिनवासाचे असेल तर एसीचे समजावे. बोटांना चिकट लागले, गोडसर वास आला आणि काचेवर तेलकट धुके धरू लागले, तर ते कूलंट आहे आणि गालिचा उचलून खालचे कपलर त्याच दिवशी वाळवावेत. चव घेऊन खात्री करण्याचा मोह टाळावा. इथिलीन ग्लायकॉल गोड असले तरी विषारी आहे, आणि सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरे मरतात. घमेल्यातील जुने कूलंट म्हणूनच गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. बंद डब्यात भरून ते सर्व्हिस सेंटरला द्यावे.

हे सर्व पेट्रोल आणि डिझेलच्या साध्या गाड्यांबाबत झाले. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतही कूलंट असते, पण तिथे ते इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारे उपकरण), मोटर आणि पुष्कळ गाड्यांत मुख्य बॅटरीदेखील थंड ठेवते. काही हायब्रिड गाड्यांत बॉनेट उघडल्यावर कूलंटच्या दोन वेगवेगळ्या टाक्या दिसतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची. एकीतले दुसरीत ओतण्याची चूक सहज होते. काही विद्युत गाड्यांत बॅटरीसाठी मुद्दाम कमी विद्युतवाहक असे कूलंट ठरवलेले असते, तिथे दुकानातला कोणताही हिरवा किंवा लाल डबा चालत नाही. रंगावरून तर कूलंटचा प्रकार कोणत्याच गाडीत ठरवू नये. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की त्यांत शेकडो व्होल्ट आहेत असे समजून हात मागे घ्यावा. बारा व्होल्टची बॅटरी सोडवली म्हणजे त्या केबल लगेच निर्धोक झाल्या असे होत नाही, कारण इन्व्हर्टरमधील कपॅसिटर काही काळ विजेचा साठा धरून असतात. अशा गाडीत घरी फक्त टाकीतील पातळी पाहावी. बाकीचे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावे, मग त्याचे बिल कितीही टोचो.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येईल, तेव्हा कूलंट कसे काढावे या परिच्छेदाच्या आधी बॅटरीची कोणती वायर प्रथम सोडवावी आणि काय काय झाकावे, हे दोन परिच्छेद घालावेत, अशी विनंती आहे. जागा अपुरी पडली तर हळदीवरचे माझे वाक्य वगळले तरी चालेल. पंखा डायरेक्ट करण्याविषयीचे मात्र वगळू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा